हजेरीपटातील पोहणे

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात परीक्षा आटोपून शाळांना सुट्टी लागली, म्हणजे बेळगाव शहरातील जलतरण तलावांच्या कचेऱ्यांपुढे पालकांची जी रांग लागते, ती ज्याने एकदा पाहिली आहे त्याला या गावातील आईबापांच्या मनात पाण्याविषयी किती भय आणि पाण्यात उतरणाऱ्या आपल्या लेकरांविषयी किती आशा साठलेली असते, याची कल्पना सहज येईल. शहापूर, वडगाव, अनगोळ, टिळकवाडी, कॅम्प अशा नाना भागांतून आलेली ही मंडळी एकवीस दिवसांच्या वर्गाची फी भरतात, छापील अर्जावर मुलाचे वय आणि दमा-फिट यांविषयीची माहिती लिहितात, सर्व जबाबदारी आमच्यावर राहील अशा मजकुराखाली सही करतात, आणि मे महिन्याच्या मध्यावर त्यांतील कितीतरी जण त्याच खिडकीपाशी तक्रार घेऊन पुन्हा उभे राहतात. या खिडकीच्या आत आणि तलावाच्या पाण्यात, अशा दोन्ही ठिकाणी माझ्या आयुष्याचा मोठा भाग गेला. मुलांच्या आणि स्त्रियांच्या वर्गांची शिक्षिका म्हणून मी प्रथम या कामाला लागले, आणि पुढे त्या वर्गांची व्यवस्था माझ्याकडे सोपविण्यात आली तेव्हा हजेरीपटाबरोबर तक्रारवहीही माझ्या मेजावर आली.

तक्रारींचे शब्द निरनिराळे असले तरी आशय बहुधा एकच असे. ‘मॅडम, एकवीस दिवस झाले की, पोरगं अजून काठ सोडंना,’ असे वडगावचा एखादा विणकर बाप म्हणे. ‘मी रोज पहाटे उठून हिला सोडते, आणि ही नुसती काठावर बसून पाय हलवताना दिसते मला, याला पोहायला शिकवणं म्हणायचं काय?’ असे एखादी आई काकुळतीने विचारी. शिक्षक मुलांवर खेकसतात, एकच शिक्षक सर्वांना पुरत नाही, रोज नवा शिक्षक येतो आणि पहिल्यापासून सुरुवात करतो, धाकट्याच्या नाकातोंडात पाणी गेले तरी कोणाचे लक्ष नव्हते, दोघे भाऊ एकाच वर्गात घातले तेव्हा थोरला शिकला आणि धाकटा पाण्याला कायमचा भ्याला, अशा मजकुराने वहीची पाने भरत. यांतील रागाचा स्वर वगळला तर मागे जे उरे ते एका साध्या व्यवहाराविषयीचे साधे गाऱ्हाणे असे: आम्ही पैसे भरले, मूल नियमाने हजर राहिले, मग त्याला पोहता का येत नाही?

या प्रश्नाचे उत्तर मला एका पालकाच्याच अर्जात सापडले. हे गृहस्थ बँकेत नोकरीला होते आणि हिशेबाच्या बाबतीत अत्यंत काटेकोर होते. रोज मुलाला सोडल्यावर ते परत न जाता जाळीबाहेरच्या बाकावर बसत, आणि शिक्षकाने आपल्या मुलाला प्रत्यक्ष हात केव्हा दिला आणि केव्हा सोडला याची घड्याळाच्या काट्यासह टिपणे करीत. वर्ग संपल्यावर त्यांनी ही टिपणे टंकलिखित करून अर्जासोबत जोडली. अर्जाची भाषा सौम्य होती आणि मागणी इतकीच होती की हे आकडे कोणीतरी वाचावेत. मी ते वाचले, आणि त्या रात्री स्वतः हिशेब मांडून पाहिला. समजा, एका शिक्षकापुढे बावीस मुले आहेत आणि वर्गाची वेळ पंचेचाळीस मिनिटे आहे. त्यांतील दहा मिनिटे हजेरी, अंगावर पाणी घेणे आणि हातपाय मोकळे करणे यांत जातात. उरलेली पस्तीस मिनिटे बावीस जणांत वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला दीड मिनिटाहून थोडासा अधिक वेळ येतो. आणि एकवीस दिवसांचा वर्ग एकही दिवस न चुकता पार पडला असे धरले तरी शिक्षकाच्या हातात मूल एकंदरीत अर्धा तास आणि वर तीन मिनिटे इतकेच राहते. आईबाप एकवीस दिवसांची फी भरतात, आणि मुलाला मिळतो तो अर्धा तास. ज्या दिवशी हे गणित मला कळले त्या दिवसापासून तक्रारवहीतील कोणतेही गाऱ्हाणे मला अवाजवी वाटलेले नाही.

माझे स्वतःचे पोहण्याचे शिक्षण कोणत्याही वर्गात झाले नाही. निपाणीजवळच्या आमच्या गावी तंबाखूच्या आणि उसाच्या शेतांमध्ये मोठमोठ्या बांधीव विहिरी होत्या, आणि उन्हाळ्यात त्या विहिरींवर जी मुले जमत त्यांतील प्रत्येकामागे त्याचा चुलता, मामा, थोरला भाऊ असा कोणीतरी एक जाणता माणूस असे. वाळलेला भोपळा पाठीला बांधून, भोपळा नसला तर पांगाऱ्याच्या लाकडाचा ओंडका किंवा तोंड डाखलेला पत्र्याचा डबा बांधून, पोर पाण्यात सोडले जाई, आणि तो माणूस शेजारी पाण्यात राहून त्याच्या हनुवटीखाली हात धरून असे. माझ्या थोरल्या चुलत्यांना आम्ही आबा म्हणत असू. आबांनी मला पोहण्यास शिकविले तेव्हा मुलीच्या जातीला हे कशाला, असे घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचे म्हणणे होते, आणि आबांनी त्यावर कसलाही वाद न करता मला रोज सकाळी आपल्याबरोबर मोटेच्या विहिरीवर नेण्याचा क्रम चालू ठेवला. त्या विहिरींचा मला खोटा अभिमान नाही, कारण त्याच विहिरींनी आमच्या पंचक्रोशीतील मुले गिळली आहेत, आणि ज्यांना आबांसारखे कोणी लाभले नाही त्या मुली कडेला बसून भावांचे कपडे सांभाळीत राहिल्या. परंतु एक गोष्ट तेथे होती, जी शहरातील निळ्या फरशीच्या तलावांत फी भरूनही दुर्मिळ झाली: शिकणाऱ्याचे अंग पाण्यात असेपर्यंत शिकविणाऱ्याचा हात त्याच्यापासून दूर जात नसे.

हाताचे हे महत्त्व केवळ मायेपोटी सांगत नाही. त्यामागे शरीराचा धर्म आहे. मनुष्यदेहाचे घनत्व पाण्याच्या घनत्वाच्या इतके जवळ असते की छाती भरून श्वास घेतलेला बहुतेक मनुष्य पाण्यावर तरंगतो, आणि तोच भयाने डोके वर काढू लागला की त्याचे पाय खाली जातात आणि सारे शरीर उभे होऊन बुडू लागते. लहान मुलाचे डोके त्याच्या देहाच्या मानाने मोठे आणि जड असल्यामुळे ही अडचण त्याला अधिकच जाणवते. म्हणून पोहण्याच्या शिक्षणातील पहिली पायरी हातपाय मारणे ही नसून तोंड पाण्यात घालून श्वास सोडणे ही आहे. मुले काय करतात, तर छाती भरून श्वास कोंडून धरतात, पाण्याखाली जातात आणि वर आल्यावर एका क्षणात आधी तो जुना श्वास सोडून मग नवा घेण्याची धडपड करतात. तेवढा अवसर मिळत नाही, घशात पाणी जाते, ठसका लागतो, आणि त्या ठसक्याबरोबर भय मनात घर करून बसते. श्वास पाण्यातच बुडबुड्यांच्या रूपाने सुटला तर वर आल्यावर केवळ घ्यावयाचाच उरतो. ही गोष्ट सांगण्यास अर्धे मिनिट पुरते, पण मुलाच्या अंगवळणी पडण्यास ती शेकडो वेळा करावी लागते, आणि पहिल्या काही वेळा तरी कोणीतरी त्याच्या समोर, त्याच्याच उंचीवर पाण्यात उभे राहून त्याच्या डोळ्यांत पाहात असावे लागते. काठावर शिट्टी घेऊन उभ्या राहिलेल्या शिक्षकाला हे साधत नाही, मग तो स्वतः कितीही पट्टीचा पोहणारा असो.

आमच्या शहरात या कामाला आणखी एक पदर आहे. एकाच वर्गात मराठी शाळेतील मूल, कन्नड शाळेतील मूल, घरी उर्दू बोलणारे मूल, मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात बदलून आलेल्या जवानाचे हिंदी बोलणारे मूल आणि इंग्रजी माध्यमातील मूल, अशी सारी शेजारी शेजारी काठाला धरून उभी असतात. श्वास सोड, उसिरु बिडु, साँस छोडो, असे एकामागून एक म्हणत पुढे सरकावे लागते, आणि एवढे करूनही शेवटी जे समजते ते शिक्षकाने स्वतः तोंड पाण्यात घालून दाखविल्यावरच समजते. सीमाभागातील मोठ्या माणसांचे वाद मी तलावाच्या फाटकाबाहेर पुष्कळ ऐकले. पाण्यात घाबरलेले मूल मात्र जो हात जवळ असेल तो धरते, आणि पालकांच्या तक्रारींतही भाषेवरून झालेली तक्रार माझ्या पाहण्यात क्वचितच आली.

ज्या तक्रारींवर शिक्षकाचा इलाज चालत नाही अशाही पुष्कळ असत, आणि त्यांचा खुलासा करणे हेही माझ्या कामाचाच भाग होता. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंचीवर आहे. एप्रिलात दुपारी ऊन भाजत असले तरी पहाटेच्या वर्गाला पाणी गारठलेले असते, आणि लहान अंगातील ऊब मोठ्यांपेक्षा लवकर निघून जात असल्याने पाच-सहा वर्षांची मुले वीस मिनिटांत कुडकुडू लागतात. अशा मुलांना बाहेर काढले तर वेळ बुडाला अशी तक्रार येई आणि न काढले तर सर्दी झाली अशी. मे महिन्यात वळवाचा पाऊस जवळजवळ ठरल्या वेळी, दुपार कलल्यावर येतो. आभाळात वीज दिसताक्षणी तलाव रिकामा करणे हा नियम आहे आणि तो मोडण्याची मुभा कोणालाही नाही, त्यामुळे संध्याकाळच्या वर्गांचे दिवस बुडत आणि ते भरून देण्याची मागणी होई, जी मला रास्त वाटे. मुलांचे डोळे लाल होतात, तुम्ही औषध फार घालता, असे म्हणणारे पालक तर दररोज भेटत. वस्तुतः पाण्यातील मोकळ्या क्लोरिनचे प्रमाण दर दहा लाख भागांत एक ते तीन भाग इतके असावे लागते, आणि डोळे चुरचुरतात ते बहुधा क्लोरिनचा घाम आणि मूत्र यांच्याशी संयोग होऊन जी नवी द्रव्ये तयार होतात त्यांमुळे. म्हणजे पाण्यात उतरण्यापूर्वी प्रत्येकाने साबण लावून अंघोळ केली आणि लघवीला जाऊन आला तर हा त्रास पुष्कळच कमी होतो. राकसकोपच्या जलाशयाची पातळी मे महिन्यात खाली जाऊ लागली आणि शहरात पाण्याची ओरड सुरू झाली, की तलावाचे पाणी बदलता येत नाही आणि ही काळजी दुप्पट घ्यावी लागते. या गोष्टी नीट समजावून सांगितल्या तर पालक ऐकतात, हा माझा कायमचा अनुभव आहे. त्यांना चीड येते ती उत्तर न मिळाल्याची.

पालकांच्या मनात काही वेगळ्याही आशा असतात. कोल्हापूर आमच्यापासून दूर नाही, आणि तेथल्या जलतरणपटू वीरधवल खाडे यांनी २००८ साली बीजिंग ऑलिंपिकमध्ये भाग घेतल्यापासून सीमेच्या अलीकडेही आपल्या मुलाने पदके आणावीत असे स्वप्न घेऊन येणारे बाप वाढले. खुद्द बेळगावात याहून मोठे उदाहरण आहे. अस्थी इतक्या भंगुर की साध्या धक्क्याने मोडाव्यात, असा जन्मजात विकार असलेला मोईन जुन्नेदी हा मुलगा प्रशिक्षक उमेश कलघटगी यांच्या हाताखाली पोहण्यास शिकला आणि त्याने राष्ट्रीय पातळीवर दिव्यांगांच्या स्पर्धांत पदके मिळविली, हे या शहराला ठाऊक आहे. या उदाहरणाकडे लोक चमत्कार म्हणून पाहतात. मी त्याच्याकडे शिक्षिका म्हणून पाहते, आणि मला त्यात दिसतो तो एका शिक्षकाने एका मुलाला दिलेला वेळ, कारण अशा मुलाला बावीस जणांच्या रांगेत उभे करून काहीही शिकविणे शक्यच नव्हते. सर्वसाधारण मुलाला तितक्या वेळेची गरज नसते. पण दीड मिनिटावर त्याचे भागेल असे मानावयासही आधार नाही.

वर्गाच्या अखेरीस मुलांना जे प्रमाणपत्र दिले जाते त्याविषयी मला पहिल्यापासून अस्वस्थता वाटत आली. त्यावर मुलाचे नाव असते, वर्गाची मुदत असते, संस्थेचा शिक्का असतो, आणि अमुक मुलाने जलतरणाचे प्रशिक्षण यशस्वीरीत्या पूर्ण केले असा मजकूर असतो. हा दाखला हजेरीपटावरून लिहिला जातो. पाण्यात मुलाला काय करता येते याच्याशी त्याचा संबंध नसतो. आणि धोका येथेच उत्पन्न होतो, कारण आई तो दाखला भिंतीला लावते, आणि पुढच्या पावसाळ्यात सहलीला गेलेल्या मुलाला ‘तुला तर पोहता येतं’ असे म्हणून नदीत उतरू देणारे कोणीतरी भेटते. हॉलंडमध्ये, जेथे गावोगाव कालवे वाहतात, मुलांना पोहण्याच्या पदविकेसाठी अंगावर नित्याचे कपडे घालून पाण्यात उतरून दाखवावे लागते, कारण कालव्यात पडणारे मूल पोहण्याचा पोशाख घालून पडत नाही. बांगलादेशात २००६ च्या सुमारास ‘स्विमसेफ’ नावाची योजना सुरू झाली. तीत खेड्यांतील तळ्यांमध्ये बांबूचे मंच उभारून चार ते बारा वर्षांच्या मुलांना शिकविण्यात आले, आणि शिकला असे म्हणण्याची कसोटी ठेवण्यात आली ती ही, की मुलाने पंचवीस मीटर पोहावे आणि तीस सेकंद पाण्यावर तरंगून राहावे. या योजनेचा जो अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला त्यात, शिकलेल्या मुलांमध्ये बुडण्याने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक घटल्याचे आढळले. निळी फरशी नाही, गाळणयंत्र नाही, नामांकित प्रशिक्षक नाही. गावातल्याच तरुणांना शिकवून शिक्षक केले, बांबूच्या मंचाने पाण्याची खोली मर्यादित केली, आणि दाखला देण्यापूर्वी मुलाला पाण्यात पाहिले. आमच्याकडील सुशिक्षित पालक फ्रीस्टाइल आले का, बटरफ्लाय केव्हा शिकविणार, असे विचारतात. त्यांनी तरंगणे, पाठीवर वळणे, श्वास परत मिळविणे आणि काठ गाठून स्वतःच्या बळावर बाहेर पडणे यांविषयी विचारावे असे मला मनापासून वाटते.

आमच्या तलावावर व्यवस्था माझ्याकडे आल्यानंतर काही बदल करण्याची परवानगी मी चालकांकडे मागितली. पहिली हरकत अर्थातच पैशांची होती: एका शिक्षकामागे सहा मुले ठेवली तर उत्पन्न तिपटीहूनही अधिक घटेल, वीजबिल आणि औषधांचा खर्च कोठून भागवावयाचा, असे त्यांचे म्हणणे होते, आणि ते खोटे नव्हते. फी वाढवावी तर विणकराची आणि रिक्षावाल्याची मुले बाहेर राहतात. ती बाहेर राहिली तर या तलावाचा मला तरी काही उपयोग दिसत नव्हता. पुष्कळ विचारांती माझ्या लक्षात आले की शिक्षकाच्या हाताची मिनिटे वाढविणे जितके अवघड आहे तितके मुलाची पाण्यातील मिनिटे वाढविणे अवघड नाही, आणि वर्गातील खरी नासाडी काठावर बसून वाट पाहण्यात होत असते. तेव्हा मुलांना वयाऐवजी भयाच्या मानाने वेगळे केले. जी तोंड पाण्यात घालीत नाहीत ती एकीकडे, जी घालतात पण तरंगत नाहीत ती दुसरीकडे, अशी. सर्वांना छातीपेक्षा कमी पाण्यात उभे केले, म्हणजे शिक्षक एकाजवळ असताना बाकीच्यांनी दांडीला धरून बुडबुडे सोडण्याचा, दोघादोघांनी हात धरून बुडी मारण्याचा, पाण्याखालची रबरी चकती वर काढण्याचा अभ्यास चालू ठेवावा. जुन्या वर्गांतून तयार झालेल्या, कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींना अल्प मानधनावर मदतनीस म्हणून घेतले, आणि त्यांना काठावर न ठेवता पाण्यात उभे केले. जीवरक्षकाला शिकविण्याच्या कामातून पूर्णपणे मोकळे केले, कारण ज्याने सहा मुलांना शिकवावयाचे त्याला साऱ्या तलावावर नजर ठेवता येत नाही, आणि ज्याने नजर ठेवावयाची त्याने दुसरे काहीही करू नये. शनिवारी पालकांना जाळीच्या आत येऊन पाहण्यास बोलाविले. प्रथम शिक्षकांना हे आवडले नाही, परंतु मुलगी काठ का सोडीत नाही हे जवळून पाहिलेली आई दुसऱ्या दिवशी भांडत नाही, घरी बादलीत तोंड घालून बुडबुडे काढण्याचा सराव करून घेते, असे दिसून आल्यावर विरोध मावळला.

आमच्या प्रमाणपत्राचा मजकूरही बदलला. आता त्यावर मूल काय करू शकते तेवढेच लिहिले जाते: तरंगते, पाठीवर वळते, इतके अंतर न थांबता जाते, आणि ज्याला यांतील काहीच येत नाही त्याच्या कागदावर, याला अद्याप पोहता येत नाही, पाण्याजवळ एकटे सोडू नये, असे स्पष्ट अक्षरांत लिहिले जाते. पहिल्या वर्षी असा कागद हाती पडलेले पालक संतापले. एका वडिलांनी तर तो माझ्या मेजावर परत टाकला. तरीही या वाक्याविषयी मी कोणतीही तडजोड केली नाही आणि कधी करणारही नाही.

मुलींविषयी वेगळे लिहिणे भाग आहे. दहा-अकरा वर्षांपर्यंत मुली वर्गाला येतात, आणि नंतर हजेरीपटातून त्यांची नावे एकेक करून गळतात. स्त्रियांसाठी राखून ठेवलेली वेळ बहुधा भर दुपारची असते, स्त्री शिक्षिका मिळत नाही, कपडे बदलण्याची जागा धड नसते, आणि ‘आता मोठी झाली ती’ या एका वाक्याने घरात निकाल लागतो. २०२२ च्या नोव्हेंबरात किटवाडच्या धबधब्यावर बेळगावच्या चार तरुण मुली बुडून गेल्या तेव्हा साऱ्या शहराने हळहळ व्यक्त केली. सहलींवर बंदी घाला, फलक लावा, पोलीस नेमा, अशा सूचना आल्या. त्या चारजणींना पोहता आले असते तर त्या वाचल्या असत्या असे छातीठोकपणे सांगण्याचा मला अधिकार नाही. परंतु त्या बातमीनंतर माझ्याकडे आलेल्या आयांच्या डोळ्यांत जे होते ते मी विसरलेली नाही. त्या आपल्या मुलींची नावे घालावयास आल्या होत्या, आणि त्यांतील कित्येकींनी स्वतःचेही नाव घातले. मुलगी शिकत असताना आई शेजारच्या भागात कमरेइतक्या पाण्यात उभी असेल तर दोघीही लवकर शिकतात, असे मी तेव्हापासून पाहात आले आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून मेली, आणि त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने २५ जुलै हा दिवस बुडण्यापासून संरक्षणाचा दिवस म्हणून ठरविला. योगायोग असा की त्याच जुलैच्या अखेरच्या दिवसांत वेदगंगेला पूर येऊन निपाणीजवळ यमगर्णी येथे पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला होता आणि आमच्या गावाकडील वस्त्या होड्यांची वाट पाहात होत्या. पोहण्याचे वर्ग आहेत ते बेळगावात. आणि पाणी आहे ते वेदगंगा-दूधगंगेच्या काठच्या खेड्यांत. उन्हाळ्यात कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांमागे पाणी अडलेले असते, वर पाटगावच्या धरणातून पाणी सोडले की ते एका रात्रीत वाढते, आणि काल कमरेइतक्या पाण्यात डुंबलेली पोरे आज त्याच ठिकाणी निर्धास्त उड्या टाकतात. त्यांना एकवीस दिवसांच्या वर्गाची फीही परवडत नाही आणि बेळगावचा तलावही. त्यांच्या आयांपैकी पुष्कळजणी दिवसभर विड्या वळतात.

म्हणून गेल्या काही काळापासून मी निपाणी भागातील एका हायस्कुलाच्या मुख्याध्यापकांबरोबर एक योजना आखीत आहे. गावच्या एका जुन्या तळ्यात, जेथे प्रवाह नाही आणि उतार सौम्य आहे, बांबूचा मंच बांधून चौकोन आखावयाचा. बेळगावात तयार झालेल्या दोन मुली आणि गावातील दोन तरुण यांना आधी शिकवावयाचे. एका वेळी सहाहून अधिक मुले उतरवावयाची नाहीत. आणि पंचवीस मीटर व तीस सेकंद ही कसोटी ठेवावयाची, शेवटचा दिवस शाळेच्या गणवेशासह पाण्यात. बांबू गावात मिळतात, दोर आणि रबरी नळ्या देणारे भेटले आहेत. पंचायतीने मात्र अपघात घडल्यास जबाबदारी कोणाची, याचा लेखी खुलासा मागितला आहे, आणि तो मागण्याचा त्यांना हक्क आहे. त्या पत्राचे उत्तर मी लिहावयास घेतले आहे. त्यात तळ्याची खोली हातभर अंतराने मोजून आखलेला नकाशा जोडला आहे, जीवरक्षक म्हणून कोण उभे राहील त्याचे नाव लिहिले आहे, आणि आज त्या तळ्यावर कोणाचीही जबाबदारी नसताना दररोज किती मुले पोहावयास उतरतात याची, मुख्याध्यापकांनी आठवडाभर काठावर बसून केलेली मोजदाद सोबत दिली आहे.